वाणाच्या ताटातला पासपोर्ट

कांचन,

तुझ्या फोटोला हार घालू दिला नाही म्हणून सोनईला तुझ्या माहेरच्या घरात सध्या माझ्याशी कुणी धड बोलत नाही. फोटो कुठला निवडला होता माहीत आहे? तुझ्या लग्नातला. दुसरा चांगला सापडला नाही म्हणे. स्टुडिओवाल्यानं शेजारचा नवरदेव कापून टाकला, पण त्याची चार बोटं तुझ्या खांद्यावर तशीच राहिली. मी म्हटलं, हा हात मी भिंतीवर टांगू देणार नाही. तुझे आण्णाकाका म्हणाले, "मास्तरीनबाई, आता ह्या टायमाला तरी गप ऱ्हावा." मी खुर्चीवर चढले, फोटो उतरवला आणि पिशवीत घातला. माणसं बघत होती. बघू देत.

पेपरातल्या निधनवार्तेत 'अल्पशा आजाराने' असं आलंय, ते खरंच आहे. डेंग्यूचा ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या आणि पाचव्या दिवशी तू गेलीस. पण पुढे लिहिलंय, 'त्यांच्या पश्चात पती, एक मुलगी, आई-वडील, भाऊ-भावजय असा परिवार आहे.' सगळ्यांत आधी पती! तू असतीस तर चहा नाकातून येईपर्यंत हसली असतीस. मी मजकूर देणाऱ्यावर भडकले, तर मजकूर देणारा तुझा दादाच निघाला. म्हणजे आता नगरला सावेडीच्या आमच्या घरातही अबोला आहे.

त्या पतीचं नाव मी इथे घेणार नाही. नाव घ्यायचं नाही ही आपल्या बायांची जुनी रीत मी स्वतःच्या नवऱ्यासाठी कधी पाळली नाही. नणंदेच्या नवऱ्यासाठी मात्र आनंदानं पाळते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू नववीत होतीस. भावजयीला छळायचं सोडून बीजगणिताची वही घेऊन माझ्यामागे स्वयंपाकघरात यायचीस. मी भाकरी थापता थापता समीकरणं सांगायचे आणि तू परातीतल्या पिठावर बोटानं सोडवायचीस. आई ओरडायच्या, "पीठ वाया घालिवता का दोघी?" पुढे तू फार्मसी केलीस, नगरला एका मेडिकलमध्ये काम केलंस, आणि मग ते स्थळ आलं. इंग्लंडला नोकरी, पुण्यात फ्लॅट, एकुलता एक. तुझा व्हिसा त्याच्या नोकरीवर मिळणार होता. फॉर्मवर 'डिपेंडंट' असं वाचून मीच तुझी चेष्टा केली होती, "जा बाई, आता आयुष्यभर बसून खा." ती चेष्टा मला परत घ्यायची आहे आणि घेता येत नाही.

तिकडून तू व्हिडिओ कॉल करायचीस तेव्हा भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं घालायचीस. "इथं थंडीच असती गं," म्हणायचीस. एकदा करंगळीला पट्टी होती. "दारात सापडली." मी शाळेत रोज साठ पोरांची खोटी कारणं ऐकते आणि एका नजरेत ओळखते. तुझं कारण ओळखलं नाही, की ओळखायचंच नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो अधिक महिना. तुझ्या लग्नानंतरचे आधीचे दोन्ही अधिक महिने तुम्ही तिकडे असल्यामुळे राहून गेले होते, म्हणून आईंना जावयाला वाण द्यायची भारी हौस. तुम्हा तिघांना बोलावून घेतलं. रेवा सहा वर्षांची होती. अनारशाचे तांदूळ तीन दिवस आधीच भिजत पडले होते. तू आलीस त्याच दुपारी मला मागच्या खोलीत ओढलंस आणि एक निळी पिशवी हातात दिलीस. आत तुझा पासपोर्ट आणि व्हिसाचं कार्ड. विमानतळावर शिक्का मारायला ज्याचा त्याच्या हातात देतात, तेव्हा काय तो तुझ्या हाती आला होता आणि तू परत दिला नव्हतास. "वहिनी, हे तुझ्या बॅगेत ठेव. त्यानं मागितलं तरी द्यायचं न्हाई." मी का म्हणून विचारलं. तू बाह्या वर केल्यास.

मग सगळं सांगितलंस. तो पासपोर्ट ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायचा. मारायचा, आणि वर म्हणायचा, "बोलाव की पोलिसांना. मी एक मेल टाकला की तुझा व्हिसा रद्द. तुला विमानात बसवतील, पोरगी इथंच राहील." एकदा तू पोलिसांचा नंबर फिरवला होतास आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर ठेवून दिला होतास. मार तू सोसत होतीस. रेवाला सोडून विमानात बसणं तुला सोसवलं नसतं. म्हणून या खेपेला ठरवून आली होतीस की कागद आपल्या ताब्यात ठेवायचे, परतल्यावर तिथल्या एका वकीलबाईंना भेटायचं आणि रेवाला घेऊन वेगळं व्हायचं. हे सगळं मला माहीत होतं, कांचन. लोकांना मी आजवर 'आम्हाला काही कल्पनाच नव्हती' असं सांगत आले. कल्पना होती.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. तो पाटावर, अंगात नवा सदरा, कपाळाला गंध. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. समोर वाणाच्या ताटात तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा. आईंनी ओवाळलं आणि विचारलं, "जावईबापू, आनखी काय पायजे?" अशा वेळी जावई हसून 'काही नको, सगळं पोचलं' म्हणतात. तो म्हणाला, "सगळं पोचलं. आमच्या बायकोचा पासपोर्ट तेवढा द्या, चेक-इन करायचं राहिलंय. वहिनींकडे दिसतोय." पंगत खो खो हसली. तू तूप वाढत होतीस, ती तिथेच थांबलीस आणि माझ्याकडे बघितलंस. आईंनीही बघितलं आणि डोळ्यांनी 'दे' म्हणून खुणावलं. पाटावर बसलेल्या जावयानं अधिक महिन्यात तोंडानं मागितलेलं, तेही वीस-पंचवीस माणसांदेखत. आपल्या घरात अशा मागण्याला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मी उठले, बॅगेतून निळी पिशवी काढली आणि अनारशांच्या शेजारी ताटात ठेवली. कुणी माझा हात धरला नव्हता. मी माझ्या पायांनी गेले आणि माझ्या हातांनी ठेवली.

दोन दिवसांनी 'पुण्याच्या आजीला भेटवून आणतो' म्हणून तो रेवाला घेऊन गेला. संध्याकाळपासून फोन बंद. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आम्ही पोचलो, तू तिथेच राहा.

मग त्यानं तिकडच्या खात्याला कळवलं की संसार मोडला, बायको मर्जीनं माहेरी गेली. तुझा व्हिसा रद्द झाला. लेकीला शाळेच्या फाटकातून घ्यायला नाही, कोर्टात उभं राहायला नाही, कशालाच तुला तिकडे जाता येईना. हा मार अंगावर दिसत नव्हता, त्यामुळे तो मार आहे हेच गावात कुणाला पटेना. आधी विचारायचे, "नांदायला न्हाई गेली का अजून?" मग 'नवऱ्यानं टाकलेली' म्हणू लागले. किराणा दुकानात एका बाईनं तोंडावर म्हटलं तेव्हा तू पिशवी खाली ठेवून म्हणालीस, "मावशे, मी काय कचरा हाय का टाकायला? माझा पासपोर्ट आन् माझी पोरगी पळिवली त्यानं. त्याला काय म्हनायचं ते ठरव आधी." त्याच आठवड्यात तू आमच्याकडे सावेडीला राहायला आलीस.

नवा पासपोर्ट काढायचा तर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते. ठाण्यात टेबलामागे बसलेला माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "बाई, हरवला म्हनून लिवा. लगेच नवा मिळंल. नवऱ्याचं नाव कशाला गोवता?" तू म्हणालीस, "हरवला न्हाई साहेब, नेलाय." तो हसला. तू दर सोमवारी जात राहिलीस आणि महिने गेले. मीसुद्धा वैतागून म्हटलं, लिही ना हरवला, काय फरक पडतो? तू माझ्याकडे असं बघितलंस की मी नजर वळवली. "रेवा मोठी झाली की वाचंल. आई एवढी बावळट हुती की पासपोर्ट हरवून बसली, असं वाचायचं का तिनं?" शेवटी बदलून आलेल्या एका बाई अधिकाऱ्यांनी तू सांगितलंस तसं लिहून घेतलं. येताना तू पेढे आणलेस. तक्रार नोंदवल्याचे पेढे वाटणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात तूच असशील.

पासपोर्ट आला, व्हिसा मिळाला नाही. पण त्या वकीलबाईंनी तिथल्या कोर्टाकडून तुला शनिवार मिळवून दिला. दर शनिवारी दुपारी वीस मिनिटं रेवाशी व्हिडिओवर बोलायचं. तू सकाळपासून तयारीला लागायचीस. तिनं मराठी विसरू नये म्हणून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवून ठेवायचीस, या शनिवारी किसणी, पुढच्या शनिवारी पाटा, आणि कॅमेऱ्यासमोर धरून विचारायचीस, हे काय? ती 'किसनी' म्हणाली की तुझा चेहरा बघण्यासारखा असायचा.

आणि तुझा तो वर्ग. माझ्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी लग्न होऊन कॅनडाला निघाली होती, तिला तू आमच्या हॉलमध्ये बसवून तासभर शिकवलंस. मग एकीकडून दुसरीला कळत गेलं. मेंदीच्या हातांनी पोरी यायच्या आणि पासपोर्टचा नंबर पाढ्यासारखा म्हणून दाखवायच्या. प्रत्येक पानाचा फोटो माहेरी ठेवायचा. मूळ कागद स्वतःजवळ. शेजारच्या एका तरी बाईशी ओळख करायची. आणि शेवटी तू फळ्यावर लिहावं तसं सावकाश सांगायचीस, "तक्रार केली तर व्हिसा जातो, हे नवरा सांगतो. कायदा काय सांगतो ते दुसऱ्या कुनाला तरी विचारायचं. मी विचारलं न्हवतं." एका मुलीची आई रागावून म्हणाली, शुभकार्यात हे काय अभद्र बोलणं! तू म्हणालीस, "काकू, अभद्र बोलन्यानं न्हाई हुत. गप बसल्यानं हुतं." आणि तिला चहा दिलास.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. तिकडच्या कोर्टात त्यानं लिहून दिलं होतं की पासपोर्ट कायम तुझ्याकडेच होता आणि तू आपणहून राहिलीस. त्या पंगतीतल्या एका माणसाचं प्रतिज्ञापत्र मिळालं असतं तर त्याचा खोटेपणा उघडा पडला असता. तू माझं मागितलंस. तुझा दादा म्हणाला, आईचं नाव कोर्टात जाईल. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. मग आमच्या प्राजूचं बारावीचं वर्ष आलं. खरं कारण एवढंच की 'मी दिला' असं लिहून खाली सही करायची मला लाज वाटत होती. गावात मी शहाणी बाई म्हणून ओळखली जाते. ते मला सोडवत नव्हतं. तू चिडून म्हणायचीस, "वहिनी, माफ मी तुला कवाच केलंय. ती तुला ठेव. मला सही पायजे." ताप यायच्या आधीच्या आठवड्यातही म्हणालीस. मी म्हटलं, सुट्टी लागली की नक्की.

दवाखान्यात तू मधूनच शुद्धीवर आलीस आणि विचारलंस, आज वार कोणता? गुरुवार होता. शनिवारपर्यंत तू राहिली नाहीस. सुट्टी लागायला अजून पंधरा दिवस होते. मला स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

तू गेल्यावर सहाव्या दिवशी त्याचा तुझ्या वडिलांना, नानांना फोन. आवाज असा गोड की जणू घरातलाच मुलगा. झालं गेलं विसरू या म्हणाला. कांचन स्वतःच्या मर्जीनं माहेरी राहिली, आमची काही तक्रार नाही, अशा पत्रावर तुम्ही सगळ्यांनी सह्या करा. मग येत्या अधिक महिन्यात रेवाला घेऊन सोनईला येतो. तोवर शनिवारचा फोनही चालू ठेवतो. पत्र व्हॉट्सॲपवर आलंसुद्धा. आण्णाकाका म्हणाले, "सही करून मोकळं व्हा नाना. कांचन काय माघारी येती व्हय? नात तरी दिसंल."

नाना मोबाईलकडे बघत बसले. नात बघायची आहे यात त्यांचं काय चुकलं? मलाही बघायची आहे. पण ते पत्र म्हणजे रेवाला कायमचं सांगणं की तुझी आई तुला टाकून गेली. मी म्हटलं, "अधिकात येतोय का? मग पुन्हा अनारसे तळते. या वेळी ताटात काय ठेवू? कांचनचं नाव?" तुझा दादा म्हणाला, "मंगल, पुरे." आई उठून आत गेल्या.

मी सावेडीला परत आले आणि मंगळवारी शाळेत रजा टाकली. पर्स घेऊन दार उघडलं तर दारात आई. सोनईहून एकट्या पहिल्या एसटीनं आलेल्या. "कुठं चाललीस?" मी म्हटलं, कोर्टात. "मला वाटलंच. म्हनून तर आले. माझं बी लिवायचं त्यात. डोळ्यानं खुनावलं कुनी? मी." कोर्टाजवळच्या वकिलानं मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, काय लिहिलंय ते समजतंय ना?" आई म्हणाल्या, "माझ्या लेकीला मीच बांधून दिली त्याच्या हातात. न समजाया काय झालं?" आणि वेळ लावून, एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली. माझी सही त्यांच्या सहीच्या वर आहे. कांचन, दोन वर्षं तू जी मागत होतीस ती सही करायला मला अर्धं मिनिट लागलं.

कागद तिकडे वकीलबाईंना पाठवले. त्या म्हणाल्या, निकालाचं आता काय होईल ते सांगता येत नाही, पण हे कागद मुलीच्या फाईलमध्ये राहतील. मोठी झाल्यावर तिला ते वाचता येतील. नानांनी त्या पत्रावर अजून सही केलेली नाही. नाहीही म्हणत नाहीत. चष्मा सापडत नाही असं सांगतात, आणि चष्मा त्यांच्या खिशात असतो.

काल शनिवार होता. सह्यांची वाट बघत असल्यामुळे त्यानं कॉल लावून दिला. रेवा आता नऊ वर्षांची आहे. केस कापलेत, तू बघायला हवे होतेस. आई आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. ती आजीशी थोडं बोलली, तुझी आठवण काढून थोडं रडली, मग नाक पुसून तिच्या त्या अडखळत्या मराठीत मला म्हणाली, "मामी, आईला माझ्याकडे यायचं नव्हतं? बाबा म्हणतो तिला तिकडेच आवडत होतं."

पडद्याच्या कडेला त्याचं कोपर दिसत होतं. आईंनी माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "यायचं होतं, बाळा. रोज यायचं होतं. तुझ्या बाबानं तिचा पासपोर्ट नेला, म्हणून तिला येता आलं नाही. आणि त्याला तो मी दिला होता. चूक माझी आहे आणि त्याची आहे. आईची नाही."

"वहिनी, पुरे हां," असा आवाज आला. रेवानं पडद्याकडे पाठ केली. तुझ्यासारखीच मान वर करून तिनं विचारलं, "बाबा, तू का नेला?"

त्यानं फोन बंद केला. पुढच्या शनिवारी लावेल की नाही, माहीत नाही. त्या पंगतीत पंचवीस मोठी माणसं होती, कांचन, आणि त्यातल्या एकानंही त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. काल तो तुझ्या लेकीनं विचारला.